लाल दिवा लागण्याआधी: गाडीचं चार्जिंग आणि इंजिनाचं तापमान स्वतः कसं मोजावं

डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा आणि तापमानाचा दिवा, दोघांनाही एकच खोड आहे: बोलतात, पण उशिरा. अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर फिरून वीज बनवणारं यंत्र) महिनोन्महिने दुबळा होत जातो तेव्हा बॅटरीचा दिवा गप्प असतो. तो पेटतो तेव्हा चार्जिंग बहुतेक वेळा पार बंद पडलेलं असतं. तापमानाचा लाल दिवा पेटेपर्यंत कूलंट (इंजिनात फिरून ते गार ठेवणारा द्रव) बऱ्याच गाड्यांत ११५ ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत गेलेलं असतं. त्या क्षणी ॲल्युमिनियमच्या हेडला (इंजिनाच्या सिलिंडरांवरच्या झाकणाला) बाक येईल की नाही, हे पुढच्या एक-दोन मिनिटांत तुम्ही काय करता त्यावर ठरतं.

गाडीला काट्याचं मीटर असेल तरी फार निर्धास्त राहू नका. कित्येक नव्या गाड्यांत हा काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. कूलंट साधारण ८० अंशांवर असो की १०५ वर, काटा तिथेच. काटा जरा हलला की लोक गाडी घेऊन वर्कशॉपच्या दारात उभे राहतात, म्हणून कंपन्यांनी केलेली ही सोय आहे. अंश आणि व्होल्ट आकड्यांत कळले तरच खरी परिस्थिती कळते.

आणि हे दोन आकडे एकत्र वाचायचे असतात. बऱ्याच इंजिनांत अल्टरनेटर आणि कूलंट फिरवणारा वॉटर पंप एकाच बेल्टवर फिरतात. रेडिएटरचा इलेक्ट्रिक फॅन चालतो तो अल्टरनेटरने दिलेल्या करंटवर. चार्जिंग बिघडलं की त्याचा परिणाम तापमानावर होऊ शकतो. हा धागा डोक्यात असला की निम्मं निदान तिथेच होतं.

ही मीटरं आली कुठून

सुरुवातीच्या मोटारींत इंजिन तापल्याचं रेडिएटरमधून वाफ उसळली की कळायचं. हॅरिसन बॉइस यांनी अमेरिकेत १९१२च्या सुमारास त्यावर तोड काढली: रेडिएटरच्या झाकणावरच बसणारा थर्मामीटर, 'बॉइस मोटोमीटर'. ड्रायव्हरला सीटवरून काचेपलीकडे त्याचा लाल स्तंभ दिसायचा. गंमत अशी की तो पाण्याचं नव्हे, तर पाण्यावरच्या वाफेचं आणि हवेचं तापमान मोजायचा. हा बारकावा वाटतो तितका जुनापुराणा नाही. आजच्या सेन्सरच्या बाबतीतही तो पुढे येणार आहे.

मग मीटर डॅशबोर्डवर आलं. इंजिनात एक छोटा बल्ब, त्यात पटकन वाफ होणारा द्रव, तिथून केसासारखी बारीक नळी आणि दुसऱ्या टोकाला बूर्दों नळी. यूजीन बूर्दों यांनी ही वाकडी नळी १८४९ साली वाफेच्या इंजिनांचा दाब मोजायला आणली होती. दाब वाढला की नळी सरळ व्हायला बघते आणि काटा फिरतो. याला वीज लागत नाही, म्हणून आजही ट्रॅक्टर, जनरेटर आणि रेसिंगच्या गाड्यांवर हे मीटर दिसतं.

चार्जिंगची गोष्ट सेल्फपासून सुरू होते. चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक सेल्फ १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आला. बॅटरी आली, डायनॅमो आला, आणि बॅटरीत करंट जातोय की तिच्यातून बाहेर पडतोय हे दाखवणारा ॲमीटरही आला. तेव्हा डायनॅमो जेमतेम करंट द्यायचा, स्लो इंजिनवर तर तेवढाही नाही, त्यामुळे ॲमीटर उपयोगी होता. १९६०च्या सुमारास क्रायस्लरने व्हॅलिअंटमध्ये अल्टरनेटर दिला आणि करंट भरपूर मिळू लागला. पण ॲमीटरमधून तो जवळजवळ सगळाच्या सगळा जातो. डॅशबोर्डमागे जाड वायर, तिच्या टोकाला एक नट, आणि तो नट सैल झाला की तिथेच वितळणारं प्लॅस्टिक! म्हणून व्होल्टमीटर पुढे आला. त्यातून करंट नावापुरताच जातो, वायर बारीक चालते. तुम्हाला बसवायचं असेल तर व्होल्टमीटरच बसवा. जुन्या गाडीची शान म्हणून ॲमीटर ठेवला असेल तर त्याचे नट वर्षातून एकदा आवळा.

पहिली पायरी: मल्टिमीटरने बॅटरीची मूळ नोंद

कोणतंही नवं मीटर बसवण्याआधी गाडीची आजची तब्येत लिहून काढा. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. तो डीसी २० व्होल्टवर लावा.

गाडी रात्रभर उभी असावी. नुकतीच चालवलेली असेल तर बॅटरीच्या प्लेटवर वरवरचा चार्ज राहतो आणि आकडा फुगलेला येतो. मग हेडलाइट दोन मिनिटं लावा, बंद करा, थोडं थांबून मोजा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीला १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव चार्ज. एजीएम बॅटरी (जिच्यात ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं) थोडी वर, १२.८च्या आसपास असते.

आता दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा आणि नजर आकड्यावर ठेवा. सेल्फ फिरताना व्होल्टेज खाली येणारच, पण ते ९.६च्या खाली गेलं तर बॅटरी थकली आहे, नाहीतर सेल्फ जास्त करंट ओढतोय. उभी असताना १२.६ आणि सेल्फला ८.५, हे म्हाताऱ्या बॅटरीचं नेहमीचं लक्षण.

दुसरी पायरी: चालू इंजिनावर चार्जिंग

इंजिन सुरू झालं की आकडा साधारण १३.८ ते १४.७च्या दरम्यान जायला हवा. स्लोवर मोजा, मग हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावून इंजिन १५०० ते २००० फेऱ्यांवर धरा. सगळा लोड असतानाही १३.५च्या वर टिकला तर अल्टरनेटर ठीक. १३च्या खाली घसरत असेल तर बेल्ट, वायरिंग किंवा अल्टरनेटर यांपैकी कोणीतरी दोषी आहे. १५च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय. बॅटरी उकळते, बल्ब पटापट उडतात.

थंडीत १४.६ आणि इंजिन तापल्यावर १३.७ दिसलं तर घाबरू नका. गरम बॅटरीला कमी व्होल्टेज पुरतं, म्हणून रेग्युलेटर स्वतःच आकडा खाली आणतो. नव्या 'स्मार्ट' चार्जिंगच्या गाड्यांत तर ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) मनाप्रमाणे १२.५ ते १५ असा खेळ करतो: ॲक्सिलरेटर दाबलात की चार्जिंग कमी, पाय काढला की जास्त. तिथे एका आकड्यावरून निकाल देऊ नका. हेडलाइट लावल्यावर बऱ्याच गाड्या नेहमीच्या चार्जिंगवर येतात, तेव्हा मोजा.

अल्टरनेटरच्या डायोडची (एसीचा डीसी करणाऱ्या भागांची) तपासणी बहुतेक जण विसरतात. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा आणि बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर एखादा डायोड गेला असण्याची दाट शक्यता. अशा वेळी डीसी आकडा दिसायला चांगला असतो, पण लोड घेताना अल्टरनेटर कमी पडतो.

एक जुनी खोड मात्र कायमची सोडा. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'गाडी बंद पडते का' बघण्याची. बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळतं, आणि गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सची वाट लागते.

तिसरी पायरी: व्होल्ट वाटेत कुठे गळतात

माझ्या मते सगळ्यात कामाची तपासणी ही आहे, आणि वर्कशॉपमध्ये सगळ्यात कमी केली जाते. अल्टरनेटर चांगला असूनही बदलला जातो आणि दोष गंजलेल्या क्लिपचा निघतो, असं सर्रास होतं.

इंजिन चालू, सगळा लोड चालू. मल्टिमीटरची लाल पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि काळी पिन बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर. दोन्ही प्लसच, त्यामुळे दिसेल तो फक्त वाटेतला तोटा. ०.२ व्होल्टपर्यंत उत्तम, ०.५च्या वर गेला तर वायर किंवा जोड खराब. त्या बोल्टवर बॅटरीचं व्होल्टेज कायम असतं; पान्हा किंवा पिन एकाच वेळी बोल्टला आणि बॉडीला लागू देऊ नका. अर्थिंगही असंच तपासा: एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर. तिथे ०.२च्या आत हवं.

तोटा नेमका कुठे आहे ते पिन सरकवत गेलात की सापडतं. पिन क्लिपवर न टेकवता बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवा, मग क्लिपवर. दोन्हींत ०.३चा फरक आला तर क्लिप आणि खुंटामधली ती पांढरी-हिरवट बुरशी हाच गुन्हेगार. मायनस आधी काढा, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. जोडताना प्लस आधी, मायनस शेवटी.

चावी ऑन केली, इंजिन बंद आहे, आणि बॅटरीचा दिवा लागतच नाही? दुर्लक्ष करू नका. जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरला सुरुवातीचा थोडा करंट याच दिव्यातून मिळतो. बल्ब उडाला तर अल्टरनेटर जागाच होत नाही, आणि धोक्याची सूचना द्यायलाही कोणी उरत नाही.

चौथी पायरी: व्होल्टमीटर बसवणं

सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर सगळ्यात सोपा. पण ब्लोअर चालू असताना त्या सर्किटमध्ये वाटेतच थोडे व्होल्ट खर्च होतात आणि आकडा ०.२ ते ०.५ने कमी दिसतो. बॅटरीवर मल्टिमीटर लावून दोन्ही आकडे एकदा ताडून बघा आणि फरक लक्षात ठेवा.

पक्का बसवायचा असेल तर प्लस वायर बॅटरीवरून आणा, बॅटरीपासून वीतभर अंतरात १ किंवा २ अँपिअरचा फ्यूज घाला, आणि चावी ऑन केल्यावरच चालू होईल असा छोटा रिले (विजेने चालणारा स्विच) मध्ये टाका. रिले टाळलात तर मीटर गाडी उभी असतानाही करंट पीत राहील. मायनस डॅशबोर्डच्या कुठल्याशा स्क्रूला न देता थेट बॅटरीपर्यंत किंवा स्वच्छ घासलेल्या बॉडीच्या बोल्टला द्या. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायर नेताना रबरी ग्रोमेट हवाच. त्याशिवाय पत्र्याची कड आवरण हळूहळू कापते आणि फ्यूज नसेल तर आग लागते.

स्वतः मायक्रोकंट्रोलरवर मीटर बनवणारेही बरेच असतात. ३० किलोओहम आणि १० किलोओहमची जोडी व्होल्टेज चौथाईवर आणते, म्हणजे २० व्होल्ट ५ व्होल्टवर वाचता येतात. पुढे टीव्हीएस डायोड (व्होल्टेजची उसळी अडवणारा भाग) नसेल तर मात्र पहिल्याच व्होल्टेजच्या उसळीत बोर्ड जाईल. २४ व्होल्टच्या ट्रकला बॅटरी आणि चार्जिंगचे वरचे आकडे दुप्पट धरा. इलेक्ट्रिक गाडीत अल्टरनेटर नसतो, पण १२ व्होल्टची बॅटरी बऱ्याच मॉडेलांत असते. तिला डीसी-डीसी कन्व्हर्टर चार्ज करतो, आणि ती मेली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

पाचवी पायरी: तापमानाचा खरा आकडा

गाडीला ओबीडी सॉकेट (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायची जागा) असेल तर खर्च जवळजवळ नाहीच. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलांपासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१पासून ते सक्तीचं झालं. ब्लूटूथ अडॅप्टर लावा, फोनवरच्या ॲपमध्ये कूलंटचं तापमान आणि व्होल्टेज एकाच पडद्यावर ठेवा. ओबीडी हे तापमान एका बाइटमध्ये पाठवतं आणि त्यातून ४० वजा करायचे असतात. त्यामुळे इंजिन तापलेलं असताना पडद्यावर उणे ४० दिसले तर सेन्सरचा प्लग निघालाय किंवा वायर तुटलीय असं समजा. अडॅप्टर मात्र गाडी उभी करताना काढून ठेवा. काही अडॅप्टर झोपतच नाहीत आणि बॅटरी खातात.

मग तुमच्या गाडीचं 'नेहमीचं' तापमान शोधा. थंड इंजिन सुरू करा आणि आकडा चढताना बघा. थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) गाडीनुसार ८२ ते ९५ अंशांना उघडतो. तिथे चढण थबकते आणि वरचा होज पाइप गरम व्हायला लागतो. पुढे गाडी उभी ठेवून स्लोवर चालू द्या. ९५ ते १०५च्या दरम्यान कुठेतरी फॅन सुरू होईल आणि आकडा खाली येईल. फॅन कितीला लागला, कितीला बंद झाला, सलग रस्त्यावर आकडा कुठे स्थिरावतो आणि चढावर एसी लावून कुठवर जातो, एवढं वहीत लिहून ठेवा. पुढची सगळी निदानं या नोंदीशी ताडूनच होतात.

इन्फ्रारेड थर्मामीटर वापरणार असाल तर एक फसवणूक टाळा. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो भलताच कमी आकडा देतो. मोजायच्या जागेवर काळी, उष्णता सोसणारी टेप चिकटवा आणि तिच्यावर नेम धरा.

ओबीडी नसलेल्या गाडीला वेगळं मीटर लावावं लागेल. सेन्सर थर्मोस्टॅटच्या इंजिनाकडच्या बाजूला, शक्यतो हेडजवळ बसवा. रेडिएटरच्या बाजूला लावलात तर थर्मोस्टॅट बंद अडकल्यावर इंजिन जळेल आणि मीटर थंड पाण्याचा आकडा दाखवत बसेल. मीटर आणि सेन्सर एकाच जोडीचे घ्या. एका वायरचा सेन्सर अर्थिंग आट्यांतून घेतो, म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, नाहीतर काटा कमी दाखवेल. होज कापून मध्ये ॲडॅप्टर बसवलात तर दोन्हीकडे रबर असतं, त्यामुळे ॲडॅप्टरला वेगळी अर्थिंग वायर लागतेच. काम झालं की सिस्टीममधली हवा नीट काढा.

आता तो मोटोमीटरचा बारकावा. कूलंट वाहून गेलं की सेन्सर वाफेत किंवा हवेत लटकतो आणि आकडा चक्क खाली येऊ शकतो. इंजिन भाजत असतं आणि मीटर म्हणतं सगळं छान! चढलेला आकडा विनाकारण एकदम पडला तर तो सुटकेचा नव्हे, धोक्याचा इशारा समजा. याच्यावर उपाय दोन: कूलंटची पातळी सांगणारा सेन्सर, किंवा हेडच्या बोल्टखाली बसणारा धातूचं तापमान मोजणारा सेन्सर. जुनं इंजिन प्रेमाने सांभाळत असाल तर दुसरा नक्की लावा.

बझर कितीवर लावावा

सतत मीटर बघत कोणी गाडी चालवत नाही, म्हणून बझर हवाच. तापमानाला तुमच्या नोंदीतल्या सर्वांत वरच्या आकड्यापेक्षा ५ ते ७ अंश जास्त ठेवा. बहुतेक गाड्यांत ते १०७ ते ११०च्या आसपास येतं. फार खाली लावलात तर बझर रोज ओरडेल आणि आठवड्यात तुम्हीच त्याची वायर काढाल. व्होल्टेजला खाली १३.०, वर १५.२. खालच्या मर्यादेला अर्ध्या मिनिटाची सवड द्या, नाहीतर फॅन लागल्यावर प्रत्येक वेळी वाजेल. स्मार्ट चार्जिंगच्या गाडीत खालची मर्यादा १२.२ ठेवा.

दोन्ही आकडे एकत्र वाचताना

व्होल्टेज १२च्या घरात आणि तापमान भराभर चढतंय: बेल्ट तुटला किंवा निसटला. वॉटर पंप थांबलाय, इंजिन लगेच बंद.

व्होल्टेज कमी, आणि तापमान फक्त ट्रॅफिकमध्ये चढतंय, वेग घेतला की उतरतंय: फॅनला पुरेशी वीज मिळत नाही. मोठा फॅन २० ते ३० अँपिअर ओढतो, त्यामुळे अल्टरनेटर दुबळा असला की फॅनही मंदावतो. व्होल्टेज ठीक असून हेच होत असेल तर फॅनचा रिले, फ्यूज किंवा मोटर बघा.

ट्रॅफिकमध्ये ठीक, पण वेगात आणि चढावर तापतेय: रेडिएटर चोंदलाय किंवा पाणी पुरेसं फिरत नाही. उलट, सलग रस्त्यावर आकडा ७०पर्यंत पडतो तेव्हा थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. गाडी इंधनही जास्त पिते. सगळं काही बदलून झालं, कूलंट गळत नाही तरी कमी होतं, टाकीत बुडबुडे येतात, म्हणजे हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलं.

हेडलाइट लावताच तापमानाचा काटा टुणकन वर, बंद केले की खाली? पाणी एका सेकंदात तापत नाही. हा अर्थिंगचा दोष, तिसऱ्या पायरीकडे परत जा. यात रेडिएटर बदलायला लावणारे मेकॅनिकही भेटतात.

रस्त्यावर बझर वाजला तर

फक्त चार्जिंग गेलं असेल आणि तापमान स्थिर असेल तर इंजिन लगेच बंद करू नका, पुन्हा सुरू होईलच असं नाही. एसी, ब्लोअर, म्युझिक बंद करा आणि जवळच्या सुरक्षित ठिकाणी पोहोचा. चांगली बॅटरी दिवसा अर्धा-पाऊण तास निभावते, रात्री हेडलाइटमुळे बरंच कमी. स्टिअरिंग इलेक्ट्रिक असेल तर ते जड होईल, याची तयारी ठेवा.

तापमान चढतंय पण बेल्ट शाबूत आणि कूलंट आहे, तर एसी बंद, केबिनचा हीटर आणि ब्लोअर पूर्ण. हीटर म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटरच. घामाघूम व्हाल, पण हेड वाचेल. एक-दोन मिनिटांत आकडा उतरला नाही, वाफ दिसली किंवा आकडा अचानक पडला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

मग थांबा, किमान अर्धा तास. चावी काढली तरी फॅन आपोआप सुरू होऊ शकतो, बोटं दूर ठेवा. झाकण १ बारच्या आसपास दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं निम्मं पाणी-निम्मं कूलंट असं मिश्रण १२९ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलंत की दाब जातो, उकळबिंदू १०७ वर येतो आणि सगळं एकदम तोंडावर उसळतं. वरचा होज पाइप हाताला सोसवेल इतका निवला आणि दाबल्यावर मऊ लागला की जाड फडकं धरून झाकण थोडंसं फिरवा, फुसफुस थांबू द्या, मगच काढा. गार पाणी तापलेल्या इंजिनात एकदम ओतू नका. इंजिन निवल्यावर, स्लोवर चालू ठेवून, थोडं थोडं भरा आणि आकड्यावर लक्ष ठेवून बघा की पातळी टिकतेय का. टिकत नसेल तर गाडी टो करून न्या.